अनुभव धागा: घराशेजारून नवा रस्ता जातो तेव्हा

नाशिकच्या कडेची शिवारे झपाट्याने वसाहतींनी भरत आहेत आणि विकास आराखड्यात अनेक वर्षे केवळ रेघ म्हणून राहिलेले रस्ते आता प्रत्यक्ष जमिनीवर येत आहेत. २०२६-२७ च्या सिंहस्थाच्या तयारीमुळे या कामांना आणखी गती आली आहे. आमच्या वसाहतीच्या मागील बाजूने १८ मीटर रुंदीचा रस्ता जाणार असून मोजणीच्या खुणाही झाल्या आहेत. रस्त्याला आमचा विरोध नाही, परंतु काय मागावे आणि केव्हा मागावे, याची आम्हांला पुरेशी कल्पना नाही. ज्यांच्या घराजवळून, शेतातून किंवा दारातून असा रस्ता गेला आहे, त्यांनी आपला अनुभव सविस्तर लिहावा, ही विनंती.

मखमलाबाद शिवारातील द्राक्ष बागायतदार

आमच्या गटाच्या मधोमध रस्ता गेला. विहीर एका बाजूला राहिली आणि बागेचा मोठा तुकडा दुसऱ्या बाजूला. मोजणीला अधिकारी आले तेव्हा घरातील सर्वांचे लक्ष मोबदल्याकडे होते. रोख रक्कम घ्यावी, टीडीआर (जमिनीच्या बदल्यात मिळणारा, विकता येणारा बांधकामाचा हक्क) घ्यावा की रीतसर भूसंपादन होऊ द्यावे, यावर आम्ही भावांनी कित्येक रात्री चर्चा केली. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात जमिनीच्या किमतीवर शंभर टक्के दिलासा रक्कम मिळते, हे आम्हांला ठाऊक होते. टीडीआरचा बाजारभाव मात्र मागणीप्रमाणे खाली-वर होतो, त्यामुळे निर्णय सोपा नव्हता.

या सगळ्या धांदलीत विहिरीचे पाणी पलीकडे कसे न्यायचे, हा प्रश्न कोणीच विचारला नाही. तो माझ्या वडिलांनी विचारला, तेही खडीचा थर पडायला सुरुवात झाल्यावर. रस्त्याखालून सिमेंटचा एक मोठा पाइप आडवा टाकून ठेवला असता, तर त्यातून पाण्याची वाहिनी आणि मोटारीची केबल दोन्ही सहज गेल्या असत्या. डांबरीकरण झाल्यानंतर रस्ता खोदण्याची परवानगी मिळेना आणि ऑक्टोबर छाटणीनंतरच्या ऐन गरजेच्या दिवसांत आम्ही पलीकडच्या बागेला टँकरने पाणी घातले. काम सुरू असेपर्यंत घडांवर धूळ बसत राहिली; तो माल निर्यातीला गेला नाही आणि स्थानिक बाजारात मिळेल त्या भावाने विकावा लागला. ज्यांची शेती दुभागली जाणार आहे, त्यांनी मोजणीच्या दिवशीच विहीर, बोअर, पाइपलाइन, ठिबकची मुख्य नळी आणि गाडीवाट या सर्वांची नोंद पंचनाम्यात करून घ्यावी. पंचनाम्यात जे लिहिले गेले नाही, ते नंतर आम्हांला कोणालाही पटवून देता आले नाही.

पाथर्डी फाट्याच्या पलीकडील रो-हाउसमधील रहिवासी

आमच्याकडे रुंदीवरून बराच वाद झाला. उंचीविषयी कोणी बोलले नाही. आमच्या भागात काळी माती आहे. ती ओली झाली की फुगते आणि सुकली की भेगाळते, म्हणून ती उकरून मुरूम भरावा लागतो, त्यावर खडीचे थर आणि शेवटी डांबर किंवा काँक्रीट येते. हे सर्व पूर्ण झाले तेव्हा रस्ता आमच्या अंगणापेक्षा सुमारे दीड फूट वर होता. पूर्वी पावसाचे पाणी आमच्या घरांमागून उताराने नाल्याकडे जात असे. आता रस्ता बांधासारखा आडवा झाला आणि पहिल्याच जोरदार पावसात पाणी बैठकीच्या खोलीत शिरले. माझ्या आईचे अंथरूण भिजले. तिला त्या रात्री शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर उचलून न्यावे लागले.

नंतर रस्त्याखाली मोरी बांधली गेली, परंतु त्यासाठी नवाच रस्ता फोडावा लागला. हीच मागणी आधी झाली असती, तर खर्च आणि मनस्ताप दोन्ही वाचले असते. आपण रस्त्याच्या लांबीचा छेद मागून घ्यावा. त्यात रस्त्याची अंतिम पातळी दाखवलेली असते. ती आपल्या जोत्याच्या पातळीशी ताडून पाहावी, आणि जुन्या नाल्याचा मार्ग नकाशात दाखवला आहे की नाही, हेही पाहावे.

नगररचनाकार कार्यालयातून निवृत्त झालेले आरेखक

वरील दोन्ही अनुभवांत नागरिक उशिरा बोलले, असे दिसते. त्यात त्यांचा दोष मी मानत नाही, कारण कागदाची भाषा अवघड असते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यावर हरकती व सूचनांसाठी ठरावीक मुदत मिळते. रस्ता कोठून जावा, हे बोलण्याची खरी वेळ तीच. नाशिक शहराचा सध्याचा आराखडा २०१७ मध्ये मंजूर झाला, त्यामुळे बहुतेकांच्या बाबतीत ती वेळ निघून गेली आहे. मात्र पातळी, मोऱ्या, पदपथ, ओलांडण्याच्या जागा आणि पथदीप हे तपशील अंदाजपत्रकाच्या टप्प्यावर ठरतात आणि तेथे लेखी निवेदनाचा उपयोग होतो; पोच घेण्यास विसरू नये.

आणखी एक बाब. आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन घेतली गेली नाही, तर मालकास याच अधिनियमाच्या कलम १२७ खाली खरेदीची सूचना देता येते, आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली न गेल्यास त्या जमिनीवरील आरक्षण रद्द होते. ज्यांच्या जमिनीवर नुसतीच रेघ आहे, त्यांनी ही तारीख लिहून ठेवावी.

दोन शाळकरी मुलांची आई, इंदिरानगर परिसर

शाळा समोर दिसते, पण दुभाजकातील फट बरीच लांब आहे. मुले दुभाजकावरून उडी मारून जातात आणि मी दररोज बाल्कनीत उभी राहते. गतिरोधक व झेब्रा पट्टे अर्ज केल्यावर काही महिन्यांनी मिळाले. शाळा नकाशात दाखवली होती की नाही, हे मी अद्याप शोधते आहे.

आडगाव शिवारातील रहिवासी

रस्त्याची दुसरी बाजूही नोंदवली जावी, म्हणून लिहितो. आमच्याकडे पूर्वी फक्त शिवरस्ता होता. पावसाळ्यात त्यावर रिक्षा येत नसे. माझ्या पत्नीला बाळंतपणासाठी नेताना आम्ही ट्रॅक्टर वापरला होता. आज रुग्णवाहिका थेट दारापर्यंत येते, आणि या एका गोष्टीसाठी मी त्या रस्त्याचा कायम ऋणी राहीन. परंतु महामार्गावरील कोंडी टाळण्यासाठी अवजड वाहने रात्री याच रस्त्याने येऊ लागली आहेत. निवासी भागासाठी २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे; आमच्या खिडकीत ती पाळली जाते, असे म्हणता येणार नाही. अवजड वाहनांना रात्री बंदी असावी, असे निवेदन आम्ही साठ कुटुंबांच्या सह्यांनी दिले आहे.

गंगापूर रोड परिसरातील वाचक

रेषेत झाडे येत असतील, तर त्यांच्यावर लावलेल्या नोटिसा रोज पाहाव्यात. १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली हरकतीसाठी फार थोडे दिवस मिळतात. ५० वर्षांहून जुन्या झाडांना २०२१ च्या दुरुस्तीनंतर वारसा वृक्ष मानले जाते. आमच्या गल्लीतील वडाचे वय सिद्ध करण्यासाठी शेजारच्या आजोबांकडील, त्याच्या पारावर काढलेले मुंजीचे छायाचित्र कामी आले. पदपथ त्या वडाला वळसा घालून गेला. बाकीची चार कडुनिंबाची झाडे मात्र वाचवता आली नाहीत, आणि त्याचे दुःख अजून आहे.

धागा सुरू करणाऱ्याची नोंद

सर्वांचे मनःपूर्वक आभार. रविवारी आम्ही पारदर्शक नळीत पाणी भरून अकरा घरांच्या जोत्यांची पातळी मोजणीच्या खुणेशी ताडून पाहिली. त्यांपैकी चार घरे खुणेच्याही खाली आहेत. रस्ता अजून भरावाने चढायचा आहे. त्या चार घरांची मापे, जुन्या नाल्याची छायाचित्रे आणि मोरीची मागणी असे निवेदन सोमवारी सकाळी देणार आहोत. पोच मिळाली की येथे कळवतो.