गोविंद स्वरूप यांनी दुर्बिणी बांधल्या, पण विश्वाबद्दल काय शोधलं?

मास्तरीण_जुन्नर
२८ फेब्रुवारीला आठवीची पोरं घेऊन खोडदला जीएमआरटी, म्हणजे तबकड्यांची ती महाकाय रेडिओ दुर्बीण, बघायला निघालेय. दरवर्षी जातो. पोरं तबकड्या मोजतात, वडापाव खातात, परत येतात. या वेळी आधी वर्गात ती उभारणारे रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप सर यांच्याबद्दल बोलायचं ठरवलंय. पण जिथे वाचावं तिथे ‘उटीची दुर्बीण उभारली, मग खोडदची उभारली’ एवढंच. गेल्या वर्षी एक पोरगी म्हणाली, “बाई, मग ते इंजिनिअरच की!” मला उत्तर सुचलं नाही. आठवीला झेपेल असं कुणी सांगाल का?

जुना_चार्टवाला
ताई, पोरीने बरोबर जागी बोट ठेवलंय. मी उमेदवारीत काही वर्षं उटीला होतो, टेक्निशियन म्हणून. मला कळलं तेवढं सांगतो.

१९६३ मध्ये होमी भाभांनी स्वरूपना स्टॅनफर्डहून मुंबईच्या टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) आणलं. आधी कल्याणला ऑस्ट्रेलियातून आलेल्या ३२ छोट्या तबकड्यांवर सूर्य बघून झाला. पण तेव्हाचं मोठं भांडण वेगळंच होतं. विश्वाला सुरुवात आहे, की ते कायम असंच होतं आणि असंच राहील? ‘कायम असंच’ म्हणणाऱ्यांचा तो स्थिर स्थिती सिद्धांत. आकाशात रेडिओलहरी सोडणाऱ्या वस्तू म्हणजे रेडिओस्रोत. लांबच्यांच्या लहरी पोचायला फार काळ लागतो, म्हणून ते आपल्याला जुन्या काळातले दिसतात. सिद्धांत खरा असेल तर हे लांबचे, जुने स्रोत जवळच्यांसारखेच असायला हवेत. मग लांबच्यांचा आकार मोजा! अडचण अशी की तेव्हाच्या रेडिओ दुर्बिणींना इतकं बारीक दिसतच नव्हतं.

स्वरूपनी चंद्र वापरला. पंचांगात ‘पिधान युती’ लिहितात ना, चंद्राने तारा झाकणं, तेच. चंद्र ताऱ्यांमधून सेकंदाला साधारण अर्धी विकला सरकतो (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग). त्याच्या कडेआड स्रोत जाताना चार्टवरची, म्हणजे यंत्राचं पेन कागदावर काढतं ती, रेघ बघायची. स्रोत बारीक असेल तर रेघ धाडकन खाली येते, कडेला दोन-चार लाटा उठवून. रुंद असेल तर उतारावरून घसरल्यासारखी सावकाश येते. चंद्र काही तुमच्यासाठी थांबत नाही, त्यामुळे ती वेळ गाठायला जिवाचा आटापिटा. ऐनवेळी शाई वाळली की काय शिव्या पडायच्या!

त्यासाठीच ती ५३० मीटर लांब, ३० मीटर रुंद दुर्बीण, १९७० ची. उटीचा अक्षांश ११ अंशांच्या आसपास, म्हणून तेवढ्याच उताराचा डोंगर शोधला. दुर्बिणीचा लांब आस आपसूक पृथ्वीच्या आसाला समांतर झाला, आणि नुसती फिरवली की स्रोत तासन्‌तास हातात. हे इंजिनिअरिंग खरंच, पण प्रश्न आधी होता.

शेकडो स्रोत मोजले. मंद, म्हणजे बहुतेक लांबच्या, स्रोतांचे आकार स्थिर स्थितीच्या हिशेबात बसेनात. विजय कपाही आणि स्वरूप यांनी १९७५ मध्ये ते मांडलं: पूर्वीचे स्रोत आजच्यासारखे नव्हते. म्हणजे विश्व बदलत आलंय.

संशयात्मा
थांबा, स्थिर स्थिती म्हणजे हॉईल आणि आपले नारळीकर ना?

जुना_चार्टवाला
होय, तेच. आणि नारळीकर १९७२ मध्ये टीआयएफआरलाच आले. पुढे पुण्यात स्वरूपांचं रेडिओ खगोलशास्त्र केंद्र एनसीआरए आणि नारळीकरांची खगोलशास्त्राची संस्था आयुका शेजारी-शेजारी. नारळीकरांनी आपला किल्ला सोडला नाही, १९९३ मध्ये हॉईल आणि बर्बिज यांच्यासोबत सुधारित रूप मांडलं. पोरांना हे जरूर सांगा.

खोडदकर
आमच्या द्राक्षबागेतून तीन तबकड्या दिसतात. ३० तबकड्या, ४५ मीटरच्या. १४ मधोमध एकत्र, १६ तीन दिशांना पसरलेल्या. पत्र्याऐवजी तारेची जाळी, म्हणून वारा आरपार जातो आणि खर्चही कमी. बांधण्यामागे मोठी आस होती विश्वाच्या बालपणातल्या हायड्रोजनची. तेवढं मागचं अजून हाती आलं नाही. पण २०२० मध्ये इथूनच ७,६५३ दीर्घिकांचे संदेश एकत्र करून सुमारे ८ अब्ज वर्षांपूर्वीचा हायड्रोजन सापडला. तो पेपर ऑक्टोबरचा. स्वरूप ७ सप्टेंबरलाच गेले.
आणि बाई, पोरांचे मोबाइल घरी ठेवा. आत बंद करायला लावतात.

मास्तरीण_जुन्नर
चार्टवाले काका, आत्ताच घरी करून बघितलं. एक डोळा मिटून पुठ्ठा हळूहळू सरकवला. टीव्हीचा लाल ठिपका एकदम गेला, ट्यूबलाइट आडवी असल्यामुळे हळूहळू गेली. हे चालेल का? फक्त ठिपक्याच्या कडेला लाटा काही दिसल्या नाहीत.

जुना_चार्टवाला
पळेल! लाटांसाठी लेझर आणि ब्लेडचं पातं घ्या, अंधाऱ्या खोलीत लांबच्या भिंतीवर बघा. पातं तुमच्याच हातात ठेवा, आणि लेझर कुणाच्या डोळ्यावर जाऊ देऊ नका.