सबवेचे जुने डबे जपायचे की मोडीत काढायचे? (चर्चेचा धागा; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

रुळावरचा

जानेवारी २०२२ मध्ये न्यूयॉर्क सबवेच्या, म्हणजे तिथल्या भुयारी रेल्वेच्या, आर-३२ मालिकेतल्या डब्यांनी प्रवाशांना घेऊन शेवटची फेरी मारली. १९६४ पासून फिलाडेल्फियाच्या बड कंपनीने असे ६०० डबे पुरवले होते. बाहेरून पन्हळी, चकचकीत स्टेनलेस स्टील, म्हणून लोकांनी नाव पाडलं 'ब्राइटलायनर'. ठरावीक आयुष्यासाठी आणलेली गाडी पन्नाशी ओलांडून धावली, कारण तिच्या जागी येणाऱ्या नव्या गाड्यांचीच रखडपट्टी चालू होती. आज यातले मोजके डबे शिल्लक आहेत, बाकी भंगार.

मला खटकतं ते असं. १९०४ च्या मूळ मार्गावरच्या काही स्थानकांना न्यूयॉर्कने १९७९ मध्येच वारसा दर्जा दिला. सिटी हॉल स्थानक १९४५ पासून बंद आहे, पण त्याच्या कमानीला आणि टाइल्सना हात लावायची कुणाची छाती नाही. त्याच भुयारातून रोज लाखो माणसं वाहून नेणारा डबा मात्र, यार्डात जागा आहे तोवर आहे. प्रवाशाचा फलाटाशी संबंध पाच मिनिटांचा आणि डब्याशी पाऊण तासाचा. मग वारसा फलाटाचाच का?

माझं म्हणणं: प्रत्येक मालिकेचे निदान दोन डबे चालू अवस्थेत ठेवायला हवेत. काचेमागे नकोत. चालू अवस्थेत.

हिशेबी

'जपायला हवं' म्हणायला पैसे पडत नाहीत, म्हणून सगळे म्हणतात.

न्यूयॉर्क सबवेची ४७२ स्थानकं आहेत आणि त्यातल्या बहुसंख्य ठिकाणी व्हीलचेअर घेऊन फलाटापर्यंत पोचता येत नाही. कोर्टकचेऱ्या झाल्यावर २०२२ मध्ये समझोता झाला: ९५ टक्के स्थानकं सुगम करू, पण २०५५ पर्यंत. म्हणजे आज जो तिशीत आहे त्याला साठीनंतर लिफ्ट मिळणार. सबवे चालवणाऱ्या संस्थेने जुन्या डब्यांच्या मोटारी दुरुस्त करत बसावं, असं ज्याला वाटतं त्याने हे एखाद्या व्हीलचेअरवाल्याला समोर बसवून सांगावं.

आणि 'प्रत्येक मालिका' म्हणजे नक्की किती, हे धागाकर्त्याने मोजलंय का? दर पाच-सात वर्षांनी नवी मालिका येते. शंभर वर्षांनी तुमचं यार्डच संग्रहालय होईल आणि चालू गाड्या रस्त्यावर उभ्या राहतील.

वेताची सीट

लिफ्टचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण एका लिफ्टच्या कामाला जो खर्च येतो त्यापुढे दोन डब्यांच्या देखभालीचा खर्च किरकोळ आहे. दोन्ही एकाच पारड्यात घालू नका.

चालू अवस्थेचा हट्ट का, ते मी सांगते. डिसेंबरात न्यूयॉर्कमध्ये सुट्टीच्या दिवसांत जुनी गाडी सोडतात, १९३० च्या दशकातली, आर-१ ते आर-९ मालिकांतली. तिकीट नेहमीचंच. आत वेताच्या विणीच्या सीट, छताला उघडे पंखे, साधे पिवळे बल्ब. गाडीला वीज देणाऱ्या तिसऱ्या रुळात जिथे खंड असतो तिथे बल्ब क्षणभर मालवतात आणि परत लागतात. बंद डब्यात हे कुठून दिसणार? आणि सगळ्यात भारी म्हणजे गार्डची जागा. या गाड्यांत गार्डला केबिनच नाही. तो दोन डब्यांच्या मधे, बाहेरच्या पायरीवर एक पाय या डब्यावर आणि एक त्या डब्यावर ठेवून उभा राहायचा आणि तिथून दारांचे खटके ओढायचा. पाऊस असो, थंडी असो. फलाटावर उभं राहून ते बघितलं की कामगार संघटना कशासाठी भांडायच्या ते समजतं, त्याला पाटी लागत नाही.

या मालिकांचे मिळून १,७०३ डबे होते. १९७७ ला शेवटचे निघाले. त्यातले मूठभर राहिलेत म्हणून हे बघता येतं.

खारं पाणी

भंगार हा एकच पर्याय नव्हता, हेही नोंदवून ठेवतो. २००१ ते २०१० या काळात न्यूयॉर्कने अडीच हजारांहून जास्त डबे अटलांटिकच्या तळाशी सोडले. खिडक्या, दारं, चाकं, ग्रीस सगळं काढून, बार्जवर रचून, एकेक ढकलून. डेलावेअरच्या किनाऱ्यापासून दूर, साधारण ८० फूट खोल जागी, एक भागच 'रेडबर्ड रीफ' (माशांसाठीचा कृत्रिम खडक) म्हणून ओळखला जातो. तिथला तळ नुसता वाळूचा सपाट पट्टा होता. डबे पडल्यावर शिंपले चिकटले, त्यामागे मासे आले, ब्लॅक सी बास तर भरपूर.

यामागे पर्यावरणप्रेम कमी आणि ॲस्बेस्टॉस जास्त होता. लाल 'रेडबर्ड' डब्यांच्या भिंतींत तो होता, जमिनीवर तो काढायचा तर खर्च अफाट. पाण्याखाली तो हवेत उडत नाही. न्यू जर्सीने आधी नाही म्हटलं, दोन वर्षांनी हो म्हटलं.

गंमत पुढेच आहे. साध्या पोलादाचे रेडबर्ड तळाशी बरे टिकले. स्टेनलेस स्टीलचे डबे, ज्यांच्याबद्दल धागाकर्त्याला इतकं प्रेम, ते न्यू जर्सीच्या रीफवर काही महिन्यांतच कोसळायला लागले.

माझ्या मते ही जतनाची सगळ्यात प्रामाणिक रीत. वस्तू कामाला लागली.

रुळावरचा

मासे सुखी, मान्य. पण बुडवणं म्हणजे जतन कसं? मग विहिरीत टाकलेलं ताम्हनही जतनच की.

खारं पाणी

ताम्हन अडीच हजार नसतात. सगळे ठेवा असं तुम्हीही म्हणत नाही, मी बाकीच्यांचं काय ते सांगतोय.

चुन्याची भिंत

सगळे 'मूळ स्वरूपात जपा' म्हणतायत. कुठलं मूळ स्वरूप?

रेडबर्ड डबे १९५९ ते १९६४ च्या दरम्यान आले तेव्हा सगळे लाल नव्हते. कुठे गडद हिरवे, कुठे निळे-पांढरे. पुढे चंदेरी-निळे झाले. सत्तरच्या दशकात आत-बाहेर स्प्रेचे रंग. सगळ्यांना एकच गडद लाल आला तो ऐंशीच्या दशकात, ग्राफिटी पुसता यावी म्हणून. १२ मे १९८९ ला प्रशासनाने जाहीर केलं की ग्राफिटी असलेला शेवटचा डबा सेवेतून काढला.

आता संग्रहालयात जाऊन बघा. डबे कसे, तर कारखान्यातून काल सुटल्यासारखे. पंधरा-वीस वर्षं त्या शहराच्या प्रवाशांनी जे डबे प्रत्यक्ष पाहिले, ज्यांचे फोटो जगभर गेले, तो डबा कुठे आहे? ज्यांनी ग्राफिटी धुवायला करोडो डॉलर घातले तेच जतन करणार म्हटल्यावर तो उरणार कसा? म्हणून मला या 'वारसा' प्रकाराचा संशय येतो. डबा जपला जात नाही, प्रशासनाला आवडलेलं त्याचं एक वय जपलं जातं.

वेताची सीट

हा मुद्दा जबरदस्त आहे. पण यावरून निष्कर्ष 'जपू नका' असा निघत नाही. 'अजून एक जपा, रंगवलेला' असा निघतो.

हिशेबी

झालं. दोनाचे तीन झाले. असंच वाढतं.

गंभीरपणे विचारतो, लेझर स्कॅन, मूळ आराखडे, मोटारीच्या आवाजाचं रेकॉर्डिंग, सीटचा एक तुकडा आणि मोटरमनचं हँडल एवढं ठेवलं तर अभ्यासकाचं नेमकं काय अडतं? मला 'भावना' हे उत्तर नकोय.

जुना फलाट

भावना सोडून उत्तर देतो.

१ नोव्हेंबर १९१८. ब्रुकलिनमध्ये मोटरमन संपावर. कंपनीने पुरेसं प्रशिक्षण नसलेल्या माणसाला हँडलवर बसवलं. मालबोन स्ट्रीटजवळच्या तीव्र वळणावर गाडी घसरून भुयाराच्या भिंतीला घासली. नव्वदहून जास्त माणसं गेली. बदनामी इतकी की रस्त्याचंच नाव बदलून एम्पायर बुलेव्हार्ड केलं. मधले डबे लाकडी होते, त्यांच्या बाजू आणि छप्परं काड्यापेटीसारखी फाटली.

आता गंमत बघा. पूर्ण पोलादी डबा तेव्हा नवा नव्हता. १९०४ मध्येच, सबवे उघडली तेव्हा, अभियंता जॉर्ज गिब्ज यांच्या आराखड्याचे ३०० पोलादी डबे दुसऱ्या कंपनीच्या मार्गावर धावत होते. म्हणजे १९१८ मध्ये प्रश्न तंत्रज्ञानाचा नव्हता, कुठली कंपनी कुठली गाडी कुठल्या भुयारात घालते याचा होता. त्या ३०० मधला ३३५२ क्रमांकाचा एक डबा अमेरिकेच्या मेन राज्यातल्या सीशोर ट्रॉली म्युझियममध्ये आहे. त्याच्या बाजूचा पत्रा, रिव्हेट, खालची चौकट हाताने चाचपून बघा आणि मग त्या काळच्या लाकडी डब्याची तीन बोटं जाडीची फळी बघा. जे चौकशी अहवालाची दोनशे पानं वाचून कळत नाही ते दहा मिनिटांत कळतं. स्कॅनमध्ये आकार येतो. पत्र्याचा दर्जा, वेल्ड कसं धरलंय, रंगाचे किती थर, पुढच्या पिढीला कुठली चाचणी करायची असेल ते आज कुणाला माहीत? वस्तू असेल तरच ती चाचणी होईल.

आणि गेलेलं परत येत नाही. १९३८ ते १९४१ च्या दरम्यान ब्रुकलिनच्या कंपनीने 'ब्लूबर्ड' नावाच्या हलक्या, जोडडब्यांच्या गाड्या आणल्या होत्या. काळाच्या फार पुढच्या. थोड्याच होत्या, सुटे भाग मिळेनात, म्हणून पन्नाशीच्या दशकात सगळ्या मोडल्या. एकही उरली नाही. उलट १९४९ च्या आर-११ मालिकेचे दहाच डबे होते, फसलेला प्रयोग म्हणता येईल, त्यातला एक राहिला आणि आज संग्रहालयात आहे. दोन्हींत फरक योग्यतेचा नाही, नशिबाचा आहे. तो नशिबावर सोडू नये एवढंच माझं म्हणणं.

पिवळी गाडी

+१. बाकीची शहरं काय करतात तेही बघा.

टोकियोचा १९२७ चा पिवळा डबा, क्रमांक १००१, जपानने २०१७ मध्ये महत्त्वाची सांस्कृतिक संपत्ती म्हणून घोषित केला. देवळांच्या आणि मूर्तींच्या पंक्तीत सबवेचा डबा. त्याहून भारी गोष्ट मारुनोउची मार्गाच्या लाल ५०० मालिकेची. टोकियोत निवृत्त झाल्यावर हे डबे नव्वदच्या दशकात ब्यूनोस आयरेसने विकत घेतले. तिथे वीसेक वर्षं धावले. आणि २०१६ मध्ये टोकियो मेट्रोने त्यातले चार परत आणले, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकावरून, जहाजाने! आधीच पुरेसे ठेवले असते तर ही वरात काढावी लागली नसती.

बुडापेस्टने तर १८९६ च्या मार्गाचा वापरातून गेलेला भुयाराचा तुकडाच संग्रहालय केला आणि डबे तिथेच उभे केले.

चुन्याची भिंत

ब्यूनोस आयरेसचंच दुसरं उदाहरण घ्या ना. बेल्जियममध्ये बनलेले १९१३ चे लाकडी डबे तिथे जानेवारी २०१३ पर्यंत रोजच्या सेवेत होते. दार हाताने उघडायचं. पर्यटक फोटो काढून खूश, आणि कामाला जाणारा रोज लाकडी खोक्यातून भुयारात. वरती मालबोनचं वाचलंत ना? जपणं आणि राबवत ठेवणं यातली सीमा कुणीतरी आखली पाहिजे.

रुळावरचा

आखलेलीच आहे. मी वर्षातून चार-सहा फेऱ्या म्हणतोय, रोजची सेवा नव्हे. शिवाय गाडी चालती ठेवायची तर ती चालवणारे आणि दुरुस्त करणारे हातही तयार ठेवावे लागतात. जुन्या ब्रेकचं काम शिकलेला कारागीर निवृत्त झाला की पुस्तक वाचून तो परत तयार होत नाही.

हिशेबी

पत्रा आणि चाचणीचा मुद्दा पटला, तेवढ्यापुरता. पण जागेचं काय ते कुणीच बोलत नाही.

न्यूयॉर्कचं संग्रहालय ब्रुकलिनच्या कोर्ट स्ट्रीट स्थानकात आहे. १९४६ मध्ये बंद पडलेलं स्थानक, १९७६ पासून संग्रहालय. फलाटाला दोनच रूळ. एक डबा आत घ्यायचा तर दुसरा बाहेर काढावा लागतो. आणि बाहेर काढलेल्याचं काय होतं? शहराच्या क्वीन्स भागात बरो हॉलच्या (तिथल्या प्रशासकीय इमारतीच्या) बाहेर एक रेडबर्ड डबा पर्यटक माहिती केंद्र म्हणून ठेवला होता. माहिती केंद्र बंद पडलं, डबा ऊन-पावसात उभा, २०२२ मध्ये लिलावात गेला. दोन लाख डॉलरहून जास्त आले, म्हणून वाचला असं समजू. प्रेमाने आणलेली वस्तू दहा-पंधरा वर्षांनी कुणाला तरी अडचण होते. डबा घेणाऱ्याने त्याच दिवशी पन्नास वर्षांच्या छपराचे पैसे बाजूला ठेवले नसतील तर तो घेऊच नये.

जुना फलाट

छपराची अट मान्य.

आता खरी परीक्षा. न्यूयॉर्क सध्या आर-४६ काढतंय, आर-२११ त्यांच्या जागी येतायत. पुलमन स्टँडर्डचे ७५४ डबे, १९७५ ते ७८ मधले. दिसायला अगदीच सामान्य, कुणाला त्यांचं प्रेम नाही. आल्या आल्या चाकांवरच्या सांगाड्यांना तडे जायला लागले, खटला झाला, शेवटी सांगाडे बदलावे लागले. ब्राइटलायनरसाठी गर्दी जमली, यांच्यासाठी जमणार नाही. मी म्हणतो सुंदर डबे कुणीतरी जपेलच, आर-४६ जपा. सार्वजनिक पैशाची खरेदी कशी फसते ते शिकवायला याच्याइतका चांगला नमुना नाही.

वेताची सीट

पण तडा गेलेले सांगाडे तर केव्हाच काढून टाकले. मग जपणार काय, दुरुस्ती?

जुना फलाट

दुरुस्तीसुद्धा. आणि मूळ सांगाडा कुठल्या यार्डाच्या कोपऱ्यात पडला असेल तर तो आधी.

हिशेबी

फसलेली खरेदी जपायला माझा चक्क पाठिंबा आहे. पण एकच डबा.

रुळावरचा

एकटा चालणारच नाही तो. बहुतेक चार-चारच्या जोडणीत आहेत, मोटरमनची केबिन फक्त टोकाच्या डब्यांना.

हिशेबी

मग चार. त्यावर एकही नाही. आणि कोर्ट स्ट्रीटच्या फलाटावरून कुठले चार बाहेर निघणार त्यांचे क्रमांक आधी इथे लिहा.