मॅरिटाइम लिएन : धारणाधिकार, ग्रहणाधिकार की आणखी काही?

भाषांतरवाली : पगार थकलेल्या खलाशांच्या घरच्यांसाठी माहितीपत्रक मराठीत करते आहे. 'पगारापोटी जहाजावर मॅरिटाइम लिएन असतो' (म्हणजे थकलेलं येणं त्या जहाजातूनच वसूल करायचा हक्क) या वाक्यात मी 'सागरी धारणाधिकार' लिहिलं. तपासणाऱ्यांनी ते खोडून 'ग्रहणाधिकार' केलं. बरोबर काय?

दप्तरदार : धारणाधिकारच. १९८१च्या महाराष्ट्र नागरी सेवा नियमांत हाच शब्द आहे. कर्मचारी प्रतिनियुक्तीवर गेला तरी मूळ कायम पदावर परतायचा त्याचा हक्क शाबूत राहतो, तो धारणाधिकार. ग्रहणाधिकार हिंदीतून आलेला आहे, आणि वाचणाऱ्याला चंद्रग्रहण आठवेल.

गोदीकर : नोकरीतला लिएन वेगळा, जहाजाचा वेगळा. 'धारण' म्हणजे ताब्यात ठेवणं. ते गोदीतल्या दुरुस्तीवाल्याला लागू पडतं. बिल चुकेपर्यंत तो जहाज सोडत नाही, आणि एकदा सोडलं की हक्क गेला. मॅरिटाइम लिएनला ताबा लागतच नाही. खलाशी उतरून घरी गेला, मालकानं जहाज विकलं, नाव आणि झेंडा दोन्ही बदलले, तरी पगाराचा हक्क त्या जहाजाला चिकटलेलाच राहतो.

इथे शब्द चुकला की माणूस अडकतो. 'धारणाधिकार' वाचून घरचे मुलाला कळवणार, 'जहाज सोडू नकोस, सोडलंस तर पैसे बुडतील.' तो बिचारा पाणी-डिझेल संपत आलेल्या जहाजावर बसून राहणार. पत्रकात खरी ताकीद मुदतीची हवी. २०१७च्या अ‍ॅडमिरल्टी कायद्याच्या (जहाजांवरच्या दाव्यांचा कायदा) कलम ९ प्रमाणे बाकीचे लिएन एका वर्षात संपतात, पगाराचा दोन वर्षांत, तेही पगार देय झाल्यापासून. तेवढ्यात जहाजाला अटक होऊन न्यायालयामार्फत विक्रीपर्यंत गाडी गेली पाहिजे. नुसती वकिली नोटीस पाठवून काही थांबत नाही.

फेरफार : मग याला मराठीत शब्द आहेच की, बोजा! सातबाऱ्यावर इतर हक्कांत सोसायटीचा बोजा असला की जमीन कोणीही घेवो, बोजा जमिनीबरोबर जातो. 'जहाजावर पगाराचा बोजा' म्हटलं की कोकणातल्या कुठल्याही घरात क्षणात कळेल.

गोदीकर : कळेल, पण अर्धंच. सातबाऱ्यावरचा बोजा नोंदीत दिसतो. मॅरिटाइम लिएन कुठल्याच नोंदवहीत नसतो. खरेदीदारानं रजिस्टर तपासलं तर गहाण सापडेल, लिएन सापडणार नाही. दुसरं, उच्च न्यायालयानं जहाज विकलं की कलम ८ प्रमाणे ते सगळ्या बोजांतून मोकळं होऊन नव्या मालकाकडे जातं आणि दावे विक्रीच्या पैशावर सरकतात. वाटपात लिएन आधी, मग नोंदणीकृत गहाण, मग इतर. लिएनमध्येही पगार पहिला. मृत्यू-इजेची भरपाई, जहाज वाचवल्याचा मोबदला, बंदराची देणी हे सगळे त्याच्यामागे. तेल पुरवणाऱ्याला तर आपल्याकडे लिएनच नाही. दावा लावता येतो, पण रांगेत तो बँकेच्याही मागे.

शुद्धमती : कायद्याच्या मजकुरात 'बोजा' शोभत नाही. 'सागरी प्रभार' करा.

दप्तरदार : प्रभार म्हणजे आमच्याकडे रजेवर गेलेल्या साहेबाचं टेबल.

शुद्धमती : तर 'सागरी बंध'. लिएनच्या मुळाशी लॅटिनमधला 'बांधणे' हाच धातू आहे. अर्थ, व्युत्पत्ती, दोन्ही साधतं.

फेरफार : आणि वाचणाऱ्याला राखीबंधन आठवतं.

भाषांतरवाली : पुढच्याच ओळीत 'जहाज जप्त होते' असं आहे. ते चालेल?

गोदीकर : अजिबात नाही. वर्तमानपत्रं सरसकट 'जप्त' छापतात म्हणून हा घोळ. कस्टम्सनं १९६२च्या कायद्याखाली जहाज ताब्यात घेतलं तर ते अभिग्रहण, पुढे सरकारजमा केलं तर अधिहरण. सुरक्षेच्या त्रुटी निघाल्या म्हणून सागरी प्रशासनानं रोखलं तर ते अडवणं. त्रुटी दुरुस्त केल्या की सुटका. पैशाच्या दाव्यात उच्च न्यायालय करतं ती अटक, आणि तिचा हेतू तारण मिळवणं. मुंबईत वॉरंटची बजावणी शेरीफमार्फत होते, बंदर आणि कस्टम्सला कळवलं जातं. मालकानं बँक गॅरंटी दिली की जहाज निघून जातं आणि दावा त्या गॅरंटीवर चालू राहतो. जहाज ज्या उच्च न्यायालयाच्या पाण्यात असेल तिथे जायचं. 'एम. व्ही. एलिझाबेथ' फेब्रुवारी १९८४मध्ये मुरगावहून निघालं, ते अडकलं विशाखापट्टणमला. असा दावा तिथल्या उच्च न्यायालयात चालतो की नाही, हे ठरायला सर्वोच्च न्यायालयाचा १९९२चा निकाल यावा लागला.

शुद्धमती : अटक माणसाला होते. निर्जीव वस्तूला अटक ही इंग्रजीची नक्कल.

गोदीकर : प्रतिवादी जहाजच असतं हो! दाव्याच्या मथळ्यावर त्याचंच नाव येतं.

फेरफार : महसुलात 'अटकावणी' आहे. थकबाकीदाराची जंगम मालमत्ता अटकावून ठेवतात, पैसे भरले की सोडतात, नाही भरले तर विकतात. जहाजाचं नेमकं हेच होतं.

दप्तरदार : अटकावणी तहसीलदाराची, वसुलीसाठी. इथे अजून रक्कमही ठरलेली नसते.

इतिहासवेडा : अटक हा शब्दच सिंधूकाठच्या अटकेवरून आला. नदी ओलांडायला अटकाव, म्हणून अटक.

शुद्धमती : उलटं. शब्द आधी, किल्ला नंतर. किल्ला अकबराचा, १५८०च्या दशकातला. अडकणे-अटकणे त्याच्या कितीतरी आधीचं.

इतिहासवेडा : मग अटकेपार झेंडे कशाच्या पार गेले?

भाषांतरवाली : मंडळी, लिएन?

गोदीकर : त्याआधी 'खलाशी' काढा. कलम ९ मध्ये कप्तान आणि अधिकारीही येतात. खलाशी वाचून सेकंड इंजिनिअरच्या घरचे पत्रक बाजूला ठेवतील. 'नाविक' लिहा.

दप्तरदार : नाविक म्हणजे नौदलातला.