पाथवे: मॅक्ससर्व्हर्स चालू सिस्टिमवर वाढवता येतो का?

रात्रपाळी_अंबड
नमस्कार मंडळी. अंबडच्या ऑफिसातून आम्ही एका बँकेचा एटीएम स्विच (एटीएमचे व्यवहार बँकेशी जोडणारी यंत्रणा) सांभाळतो. मशीन नॉनस्टॉप (अखंड चालण्यासाठी बनवलेला मोठा संगणक), त्यावर पाथवे (व्यवहार हाताळणारे प्रोग्राम सांभाळणारं सॉफ्टवेअर), रिलीज बरीच जुनी. कांद्याचे लिलाव असले की लासलगाव, पिंपळगाव बाजूच्या एटीएमवर दुपारी झुंबड उडते आणि पैसे काढण्याचे व्यवहार टाइमआउट होऊ लागतात. त्या सर्व्हर क्लासला (हे व्यवहार करणाऱ्या एकसारख्या प्रोसेसच्या गटाला) न्यूमस्टॅटिक, म्हणजे कायम चालू ठेवायचे प्रोसेस, 2 आणि मॅक्ससर्व्हर्स, म्हणजे जास्तीत जास्त प्रोसेस, 8 दिलेलं आहे. साहेबांचं म्हणणं, मॅक्ससर्व्हर्स 20 करून टाका, 2027 च्या सिंहस्थापर्यंत बघायला नको. पाथकॉममध्ये (पाथवेला कमांड देण्याचा प्रोग्राम) 'आल्टर सर्व्हर' दिलं तर क्लास चालू आहे म्हणून नकार येतो. 'सेट सर्व्हर' मुकाट्याने घेतो, पण 'इन्फो'मध्ये आकडा जुनाच. स्विच बंद न करता हे कसं करायचं?

ठाणेकर_मेनफ्रेम
पाथवे मला येत नाही. आमच्या सीआयसीएसमध्ये (आयबीएम मेनफ्रेमवरचं असंच सॉफ्टवेअर) 'सीईएमटी सेट सिस्टिम मॅक्सटास्क्स' दिलं की चालू रीजनमध्येच (चालू असलेल्या सीआयसीएसमध्येच) एका वेळी चालणाऱ्या कामांचा आकडा बदलतो, कुणाला थांबवावं लागत नाही. तुमच्याकडेही तसं काही असेलच ना?

जुना_टॅन्डमवाला
ठाणेकर, इथे गणित वेगळं आहे हो. मी हे काम नॉनस्टॉप मशीनवर मूळच्या टॅन्डम कंपनीचीच पाटी होती तेव्हापासून करतोय. पुढे 1997 ला कॉम्पॅक आलं, 2002 ला एचपी. पाटी बदलली, पाथकॉम तेच राहिलं.

रात्रपाळी, 'सेट' हा पुढच्या 'अ‍ॅड'साठी असतो. आधीच अ‍ॅड झालेल्या क्लासला तो शिवतही नाही. तुमच्या रिलीजवर क्रम असा: फ्रीझ सर्व्हर, स्टॉप सर्व्हर, आल्टर सर्व्हर, थॉ सर्व्हर (गोठवलेलं मोकळं करणं), स्टार्ट सर्व्हर. पाथमॉन (सगळ्या पाथवेवर नियंत्रण ठेवणारा प्रोसेस) बंद करायची गरज नाही, बाकीचे क्लास चालूच राहतात. फ्रीझनंतर हातातले व्यवहार पुरे होतात, नवे घेतले जात नाहीत. म्हणून 'स्टेटस सर्व्हर' बघत राहा, क्लास पूर्ण गोठल्याशिवाय पुढे जाऊ नका. पाचही ओळी एका ओबे फाइलमध्ये (ओळीने चालवायच्या कमांडची फाइल) तयार ठेवा, रात्री टायपिंगच्या चुका होतात.

पण थांबा. झुंबड असते तेव्हा त्या क्लासचे किती प्रोसेस चालू दिसतात?

रात्रपाळी_अंबड
दोन. कधी तीन. आठपर्यंत गेलेले मी तरी पाहिले नाहीत.

जुना_टॅन्डमवाला
मग 20 करून काय उपयोग? आठच भरत नाहीत तुमचे!

'इन्फो सर्व्हर'मध्ये क्रिएटडिले बघा. कुणी हात लावला नसेल तर 1 मिनिट असेल. दोन्ही स्टॅटिक सर्व्हर गुंतलेले असले की मागणी करणारा आधी तेवढा वेळ त्यांच्यापैकी कुणी मोकळा होतो का याची वाट बघतो आणि मगच पाथमॉनकडे नवा प्रोसेस मागतो. तोवर लासलगावच्या एटीएमसमोरचा माणूस कार्ड काढून मशीनला शिव्या घालत असतो. बरं, नवा प्रोसेस आलाच तरी डिलीटडिलेएवढा वेळ रिकामा बसला की तो काढून टाकला जातो. तो मूळचा 10 मिनिटं असतो. दुपारी जरा उसंत मिळाली की पुन्हा दोनावर!

माझं मत: न्यूमस्टॅटिक 6 करा, क्रिएटडिले काही सेकंदांवर आणा, मॅक्ससर्व्हर्सला सध्या हात लावू नका. स्टॅटिक वाढवताना सीपीयूएसमध्ये किती प्रोसेसर दिलेत तेही बघा. एकच दिला असेल तर सहाच्या सहा तिथेच दाटी करतील.

रात्रपाळी_अंबड
क्रिएटडिले 1 मिनिटच आहे! सीपीयूएसमध्ये दोन आहेत. साहेबांना 20 चा आकडा फार आवडलाय, पण 'स्टेटस'चा प्रिंट दाखवतो. एक शंका: हा बदल रीस्टार्टनंतर टिकतो का?

जुना_टॅन्डमवाला
कूल स्टार्टला टिकतो, कारण आल्टर केलेलं पाथकंट्रोल फाइलमध्ये जातं आणि कूल स्टार्ट तीच वाचतो. कोल्ड स्टार्ट ती फाइल नव्याने बनवतो आणि तुमच्या कोल्ड स्टार्टच्या ओबे फाइलमधलं जुनं न्यूमस्टॅटिक 2 पुन्हा बसवतो. तेव्हा त्याच रात्री तीही फाइल सुधारा. 'इन्फो सर्व्हर'ला ओबेफॉर्म लावलं की सध्याची मांडणी थेट कमांडच्या रूपात मिळते, ती आणि ओबे फाइल शेजारी ठेवून ओळीन् ओळ ताडून पाहा. अशा फाइलींना बऱ्याच ठिकाणी वर्षानुवर्षं कुणी हात लावलेला नसतो.

आणि साहेब 20 वरच अडून बसले तर आधी 'इन्फो पाथवे'मध्ये मॅक्ससर्व्हरप्रोसेसेस दाखवा. ती सगळ्या क्लासची मिळून मर्यादा आहे. एकाला 20 दिले तर बाकीच्यांच्या वाट्याला किती उरतात, तो हिशोब त्यांनाच करू दे.