लॅक्रॉस खेळणार कोण कोण? (ग्रुप: मराठी मैत्रिणी, एलिकॉट सिटी, मेरीलँड)

मेधा: बायांनो, डोक्यात एक किडा आहे. पोरींच्या मॅचला घडीची खुर्ची टाकून बसण्यात उमेदीची वर्षं गेली. आता आपणच खेळूया का? बायकांची हौशी लॅक्रॉस टीम. काकू, तुमच्यासाठी: टोकाला जाळीची झोळी असलेल्या काठीने चेंडू झेलायचा, फेकायचा आणि गोल करायचा, तो खेळ. लीग नाही, ट्रॉफी नाही. आठवड्यातून एकदा तास-दीड तास.

पल्लवी: मेधाताई, सकाळचा चहा झालाय ना? 😄

अश्विनी: माझा उजवा गुडघा नको म्हणतोय. डावा विचार करतोय.

शुभांगी: हेल्मेट घालून एकमेकांना काठीने बडवतात तोच ना? आमचा चिरंजीव दर सीझनला निळा-काळा होऊन घरी येतो.

मेधा: वहिनी, तो पुरुषांचा. बायकांच्या नियमात अंगावर धडक मारायचीच नाही. समोरचीच्या स्टिकवर स्टिक मारता येते, पण ती डोक्याजवळ नेली की फाउल. गॉगल आणि माउथगार्ड सगळ्यांना सक्तीचं. हेल्मेटची सक्ती फक्त गोलकीपरला.

शुभांगी: आणि गोलकीपर कोण होणार?

शुभांगी: हॅलो? सगळ्या कुठे गेल्या?

पल्लवी: आमच्या ह्यांना उभं करू. नाहीतरी पार्टीत कोपऱ्यात उभेच असतात.

रेवा: मावशी लोक, मी कॉलेजात क्लब टीममध्ये खेळायचे. मी शिकवते. सुरुवातीला गोलकीपर नकोच. ६ बाय ६ फुटांचा गोल असतो, त्याला कापड बांधू आणि कोपऱ्यांत भोकं ठेवू. चेंडूही सरावाचा मऊ घेऊ. खरा भरीव रबराचा असतो, साधारण १४५ ग्रॅम.

सुनंदाकाकू: म्हणजे क्रिकेटच्या लेदर बॉलपेक्षा थोडाच हलका. मी सांगलीला कॉलेजच्या टीममध्ये हॉकी खेळलेय बरं का. परत जायला अजून चार महिने आहेत. मला धरणार?

अश्विनी: आई 😳

सुनंदाकाकू: तू गुडघ्याला विचार. मी माझं विचारलं.

रेवा: काकू, पहिलं नाव तुमचं! फक्त हॉकीची एक सवय मोडावी लागेल. इथे चेंडू जमिनीवर ठेवून न्यायचा नाही, झोळीत उचलायचा. गुडघ्यात खाली बसायचं, मागचा हात जवळजवळ गवताला टेकला पाहिजे, आणि स्टिक चेंडूखाली सारत पळत राहायचं. थांबून खरवडत बसलं की चेंडू पुढे पुढे घरंगळतो. उचलला की स्टिक उभी, कानापाशी, आणि मनगटं हलती ठेवायची. पहिल्या दिवशी सगळ्यांचा पडतो.

शुभांगी: चिरंजीवाची जुनी स्टिक आणू का?

रेवा: नको वहिनी. मुलांच्या स्टिकची झोळी खोल असते. आपली उथळ लागते. चेंडू आत ठेवून स्टिक आडवी डोळ्यांसमोर धरायची, चेंडूचा माथा कडेच्या वर दिसला पाहिजे. नाही दिसला तर स्टिक बाद. मुलींच्या जुन्या स्टिका आणा, फक्त मोजून आणा, ३५.५ इंचांहून आखूड नको.

पल्लवी: चष्मेवाल्यांचं काय?

रेवा: काही गॉगल चष्म्यावर बसतात. घालून बघूनच घ्या.

गायत्री: फिजिओ म्हणून सांगते, पहिला महिना स्टडवाले बूट घालायचे नाहीत. गवतात स्टड रुतला आणि वरचं अंग वळलं की गुडघ्याचं लिगामेंट गेलंच समजा. साधे रनिंग शूज. आणि अश्विनी, तू आधी मला येऊन दाखव.

शुभांगी: पण आपण आहोत किती? बारा जणी लागतात ना एका बाजूला?

मेधा: पूर्ण खेळाला हो. पण आता सिक्सेस म्हणून प्रकार आहे, सहा-सहाचा. मैदान ७० बाय ३६ मीटर, आठ-आठ मिनिटांचे चार डाव. २०२८ ला लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये हाच आहे. आणि ते ठरलं कुठे? आपल्या मुंबईत! ऑक्टोबर २०२३ मध्ये ऑलिंपिक समितीची बैठक तिथे होती.

सुनंदाकाकू: तेव्हा पेपरात सगळं क्रिकेटचंच होतं. हे कुणी सांगितलं नाही.

अश्विनी: मेरीलँडचा राज्यखेळ आहे ना लॅक्रॉस?

मेधा: राज्याचा सांघिक खेळ, २००४ पासून. नुसता राज्यखेळ म्हणशील तर घोड्यावरून भाल्याने कड्या उचलायचा, तो १९६२ पासून.

पल्लवी: तो नको ग बाई. काकू लगेच हो म्हणतील.

मेधा: 😂 आणि मुलींचं लॅक्रॉस अमेरिकेत पक्कं रुजलं ते इथेच, बाल्टिमोरला. १९२६ मध्ये रोझाबेल सिंक्लेअर बाईंनी ब्रिन मॉर शाळेत सुरू केलं.

पल्लवी: मी टीशर्टचं डिझाइन बघते. नाव ‘रणरागिणी’, पाठीवर पिसांचा मुकुट. कसं वाटतं?

रेवा: पल्लवीताई, पिसं प्लीज नको. हा खेळ मुळात इथल्या मूळच्या लोकांचा. त्यांच्यातले हॉडेनोशोनी लोक त्याला देवाने दिलेला खेळ मानतात. वर्ल्ड चँपियनशिपला आजही स्वतःच्या नावाने, स्वतःच्या झेंड्याखाली उतरतात. त्यांची पिसं आपण पाठीवर मिरवायची, बरं नाही दिसत.

पल्लवी: हे माहीतच नव्हतं. पिसं कॅन्सल. रणरागिणी?

गायत्री: आधी एकीला तरी चेंडू झेलता येऊ दे, मग रण.

मेधा: टीशर्ट नंतर. खरी अडचण मैदानाची. काउंटीच्या पार्क खात्याकडे परवान्याचं विचारलं, विम्याचा कागद मागतात. वहिनी, हे तुमचं खातं.

शुभांगी: बघून ठेवलंय. यूएसए लॅक्रॉस, म्हणजे या खेळाची इथली राष्ट्रीय संघटना, तिची मेंबरशिप घेतली की खेळाडूचा विमा त्यातच येतो. ऑफिस इथेच स्पार्क्सला आहे, बाल्टिमोरच्या वर. कागद हातात येईपर्यंत नुसतं फेकणं-झेलणं करा, मॅच नाही. आणि काकू, तुमच्या ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये खेळातली दुखापत बसते का, ते बघते.

मेधा: मग रविवारी सकाळी? मुलं मराठी शाळेत असतात, बाहेरची हिरवळ रिकामीच.

गायत्री: मेधा, त्या वेळी मी आत बाराखडी शिकवत असते.

अश्विनी: मी पण. पल्लवी पण.

पल्लवी: म्हणजे खेळायला काकू आणि रेवा.

सुनंदाकाकू: चालेल की.

मेधा: बरं, शनिवार सकाळी ७. शाळेमागची बिनदाराची भिंत आहे ना, तिथे. आधी भिंतीवर मारून झेलायचं. पोरं नवऱ्यांकडे, कारणं चालणार नाहीत. यादी कॉपी करून पुढे नाव घाला:
१. सुनंदाकाकू
२. रेवा
३. मेधा

शुभांगी:
१. सुनंदाकाकू
२. रेवा
३. मेधा
४. शुभांगी (स्टिक नाही)

गायत्री:
१. सुनंदाकाकू
२. रेवा
३. मेधा
४. गायत्री (दोन स्टिका आहेत)

शुभांगी: अगं गायत्री, मला उडवलंस!

गायत्री: एकदमच टाइप केलं वहिनी. दुसरी स्टिक तुमची.

अश्विनी: ५ मध्ये मला घाला. गुडघ्याला नंतर सांगते.