मदत हवी आहे: मायनक्राफ्टमध्ये इन्व्हेंटरी सारखी भरते

नागपुरी_खाणकरी
लोकहो, जरा लवकर सांगा, आज रात्री परत खाणीत उतरायचंय. अर्ध्या तासात इन्व्हेंटरी (सोबतची सामानाची बॅग) भरते, मग लोखंड ठेवू की सोनं असं करत बसतो. काल जागा करायला सामान खाली टाकत होतो, मागून क्रीपर (स्फोट होणारा राक्षस) आला आणि मेलो. परत पोचेपर्यंत सगळं गायब, १४ हिरे होते. जागा वाढवायचा उपाय काय? मॉड (गेममध्ये बाहेरून घातलेली भर) नको.

रेडस्टोनवाला
गेमची कुठली आवृत्ती, जावा की बेडरॉक? व्हर्जन कुठलं? एंडर ड्रॅगन (गेमचा शेवटचा मोठा शत्रू) मारलाय का?

कोकणी_क्राफ्टर
शुल्कर बॉक्स, म्हणजे सोबत नेता येणारी पेटी! दुसरं काही बघूच नका. शुल्कर या प्राण्याची दोन कवचं (शेल) आणि एक चेस्ट (पेटी), झाले २७ स्लॉट (कप्पे). फोडला तरी सामान आतच राहतं.

रात्रपाळी
हिरे हवे असतील तर Y (उंचीचा आकडा) उणे ५९ वर सरळ बोगदा खणा.

नागपुरी_खाणकरी
हिरे सापडतात हो, आणायला जागा नाही. मोबाइलवर खेळतो, अपडेट आहे. ड्रॅगन मारलेला नाही, एंडमध्ये (ड्रॅगनच्या जगात) गेलोच नाही.

रेडस्टोनवाला
म्हणजे बेडरॉक. मग शुल्करचं तूर्त सोडा, ते एंड सिटीत असतात आणि तिथे जायचं पोर्टल ड्रॅगन मेल्यावरच उघडतं. आज जमेल ते बंडल, म्हणजे छोटी पिशवी. एक दोरा, एक चामडं. वेगवेगळ्या वस्तू मिळून ६४ मावतात. सात लॅपिस, तीन गारगोट्या, पाच हाडं असली चिल्लर प्रत्येकी एक स्लॉट अडवते, ती सगळी एका बंडलमध्ये जाते.

कोकणी_क्राफ्टर
बंडलने जागा कुठे वाढते? ६४ म्हणजे एकच स्टॅक (एका स्लॉटमधला ढीग) झाला.

रेडस्टोनवाला
त्यांचे स्लॉट सुट्या वस्तूंनी भरताहेत, भरलेल्या स्टॅकने नाही. दहा जागांचं सामान एका जागेत बसलं तर नऊ मोकळ्या झाल्या की.

मावशी_मायनर
बाळा, आधी सांग, ३६ स्लॉटमध्ये आहे काय काय? माझा मुलगाही असाच रडायचा. बघितलं तर अर्धी बॅग दगडांची.

नागपुरी_खाणकरी
कॉबलस्टोन ५ स्टॅक, डीपस्लेट ४, डायोराइट, ग्रॅनाइट, टफ, खडी, माती. लोखंडी पिकॅक्स ३, तलवारी २, पलंग, होडी, अन्न, टॉर्च. मग खनिजं.

मावशी_मायनर
सापडलं बघ दुखणं! कॉबलस्टोनचा एक स्टॅक ठेव, बाकीचे दहा-अकरा स्लॉट लगेच मोकळे. होडी खाणीत कशाला? क्राफ्टिंग टेबल जवळ ठेव. नऊ रेडस्टोनचा एक ब्लॉक होतो. कोळसा, लॅपिस, कच्चं लोखंड, सगळ्यांचं तसंच, आणि हवं तेव्हा परत सुटं करता येतं.

घाटमाथा
दगड टाकू नका, बांधकामाला लागतो. गाढव पाळा. वारंवार पाठीवर बसून माणसाळवा आणि चेस्ट चढवा, १५ स्लॉट मिळतात.

मावशी_मायनर
गाढव उभ्या खाणीत उतरणार कसं? दगड तर जिथे खणाल तिथे मिळतो.

घाटमाथा
खाणीच्या तोंडाशी दोरीने बांधायचं ना. मी दोन वर्षं असंच करतोय.

 

रेडस्टोनवाला
नेदरमध्ये (आगीच्या दुसऱ्या जगात) गेला आहात का? ब्लेझ रॉड असेल तर एंडर चेस्ट करा: आठ ऑब्सिडियन (काळा कठीण दगड), एक आय ऑफ एंडर (रॉडची भुकटी आणि एंडर पर्ल मिळून होतो). एक घरी, एक सोबत. खाणीत टाकलेले हिरे घरच्या चेस्टमध्ये दिसतात, मेलात तरी सुरक्षित. उचलताना सिल्क टचचीच (वस्तू अख्खी उचलणाऱ्या जादूची) पिकॅक्स वापरा, नाहीतर नुसते आठ ऑब्सिडियन हाती येतील.

नागपुरी_खाणकरी
दोन रॉड आहेत. मग बहीण घरून हिरे काढून घेईल ना? आम्ही एकाच वर्ल्डमध्ये खेळतो.

रेडस्टोनवाला
हे आधी सांगायचं! नाही, एंडर चेस्ट ज्याचा त्याला वेगळा दिसतो. तिला द्यायचं असेल तर साधी चेस्ट.

रात्रपाळी
कीप इन्व्हेंटरी सुरू करा, मेल्यावर काही जात नाही.

कोकणी_क्राफ्टर
त्यासाठी चीट्स सुरू करावे लागतात, त्या वर्ल्डमध्ये अचीव्हमेंट बंद होतात. असा सल्ला देताना पूर्ण सांगत जा.

नागपुरी_खाणकरी
दगड टाकले, ११ स्लॉट मोकळे झाले. मावशी, खूप आभार! बंडल केलं, चिल्लर भरली. पण जादा तलवार त्यात जात नाही. बग आहे का?

रेडस्टोनवाला
बग नाही. ज्याचा स्टॅक होत नाही अशी एकच वस्तू अख्खं बंडल व्यापते. तलवारीला रिकामं बंडल लागेल. आणि एंडर पर्ल १६ चा स्टॅक होतो, म्हणून एक पर्ल चार जागा घेतो.

नागपुरी_खाणकरी
मग तलवार घरीच ठेवतो. बहीण चामड्यासाठी गाई शोधायला गेलीय, अजून दोन बंडल करतोय. ऑब्सिडियन तीन कमी आहेत, ते आणून मगच खाली उतरतो.