आरएक्स १०० मध्ये १३५चं इंजिन बसवायचंय, गायमुखच्या चढासाठी

घोडबंदर_९५
गाडी यामाहा आरएक्स १००, १९९५चं मॉडेल, ठाणे पासिंग. घोडबंदर रोडला गायमुखच्या चढावर डबल सीट असली की चौथ्यात ओढतच नाही, तिसऱ्यात रेटावी लागते. एक जण आरएक्स १३५चं पाच गिअरचं अख्खं इंजिन देतोय, पण त्याचे कागद नाहीत. फ्रेम न कापता बसतं का? कार्ब्युरेटर आणि सायलेन्सर जुनाच चालेल का? टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचं ऑइल) आपोआप सोडणारा ऑइल पंप काढून टाकू का? आणि आरटीओत पुढे काय?

तुर्भे_फिटर
बसतं. दोन्ही एकाच घराण्यातली इंजिनं, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) दोन्हींचा ५० मिमी. फरक बोअरचा (सिलिंडरच्या व्यासाचा): तुमचा ५० मिमी म्हणून ९८ सीसी, त्याचा ५८ मिमी म्हणून १३२ सीसी. माउंटिंगचे बोल्ट जुळतात, वेल्डिंगला हात लावावा लागत नाही. अडतं ते बाकीच्या गोष्टींत.

मॅग्नेट, कॉइल आणि सीडीआय (स्पार्क सोडणारा बॉक्स) एकाच गाडीचे घ्या. मिसळले तर स्पार्क येतो पण टायमिंग (स्पार्क पडायची वेळ) चुकतं, आणि टायमिंग पुढे गेलं तर पिस्टनच्या डोक्याला भोक पडतं. जुन्या कार्ब्युरेटरवर जुनाच मेन जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) ठेवू नका, जास्त हवा ओढणाऱ्या इंजिनाला पेट्रोल कमी पडेल. सायलेन्सरही १३५चाच लावा. १००च्या सायलेन्सरवर ते चालू होतं, फक्त वरच्या आरपीएमला गुदमरतं.

इंजिन बसल्यावर पुढच्या स्प्रॉकेटपासून मागच्यापर्यंत दोरा ताणून बघा. चेन तिरकी पळाली तर चेन किट झिजतं आणि आवाज करतं. आणि ब्रेक! ताकद वाढते, पण पुढचा ड्रम तोच राहतो. नवे लायनर, नवी केबल, आधी हे. इंजिन नंतर.

ऑइल पंप काढू नका. काढलाच तर लिटरमागे २५ मिली टू-टी पेट्रोलमध्ये मिसळावं लागतं, म्हणजे १:४०. एका पंपावर विसरलात की पिस्टन जाम. पंप ठेवलात तर पाइप जोडल्यावर ब्लीड स्क्रू सैल करून हवेचे सगळे बुडबुडे बाहेर काढा, आणि पहिली टाकी पंप चालू असूनही लिटरला २० मिली मिसळून भरा. अडकलेला एक बुडबुडासुद्धा पिस्टन खातो.

नेरूळकर
वरचं सगळं बरोबर. पण ते इंजिन विकत घ्यायच्या आधी ब्लॉक (सिलिंडर) काढून कनेक्टिंग रॉड (पिस्टन आणि क्रँक जोडणारा दांडा) वर-खाली हलवून बघा. आडवा थोडा खेळ चालतो, उभा अजिबात नको. उभा लागला तर क्रँक गेला.

दुसरं, क्रँकचे दोन ऑइल सील. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हाच पंप असतो, त्यामुळे सील गळला की इंजिनाचा श्वासच सुटतो. मॅग्नेटच्या बाजूचा गेला तर बाहेरची हवा आत, मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी), पिस्टन जाम. क्लचच्या बाजूचा गेला तर गिअर ऑइल आत ओढून जळतं. इनटेक आणि एक्झॉस्ट रबरी बुचाने बंद करा, प्लगच्या भोकातून हातपंपाने ६ पीएसआय हवा भरा. ६ मिनिटं टिकली पाहिजे. साबणाचं पाणी लावलं की गळती कुठली ते फेसावरून कळतं.

एमएच०४_जुनी_गाडी
कागद नसलेलं इंजिन घेऊ नका, चोरीचं निघालं तर उत्तर तुम्हाला द्यावं लागेल. आणि कागद असले तरी प्रश्न सुटत नाही. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ माहितीशी आरसीचा (गाडीच्या नोंदणी पुस्तकाचा) मेळ बिघडेल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच सांगितलं. ९८चे १३२ सीसी झाले की तो मेळ गेला. कलम १८२अ मध्ये प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. तुमची गाडी पंधरा वर्षांपुढची, म्हणजे दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण. तिथे इंजिन नंबर तपासतात. अपघात झाला तर विमा कंपनीही आधी तोच बघते. बदलायचंच असेल तर त्याच मेकचं, त्याच प्रकारचं, बिलासकट, आणि परवानगी आधी.

घोडबंदर_९५
मग १३५ सोडतो. एक सांगायचं राहिलं. सकाळी किक मारल्यावर पांढरा धूर येतो आणि गिअर ऑइल कमी होत जातं. खाली थेंबही पडत नाही.

नेरूळकर
मग तुमचं उत्तर तिथेच आहे, क्लचच्या बाजूचा सील. खात्री करायची तर ऑइल पूर्ण काढून मापात ओतून बघा, किती गेलं ते समजेल. धुराला टू-टीऐवजी जळक्या गिअर ऑइलचा वास येईल. क्रँककेस उघडलाच तर दोन्ही सील आणि दोन्ही बेअरिंग एकदम बदला, मजुरी एकदाच लागते.

त्यासोबत सायलेन्सरचा बॅफल (आतली नळी) काढून आतला कार्बन जाळा, नाहीतर गरम कॉस्टिक सोड्यात भिजवा. सोडा ॲल्युमिनियमला लागू देऊ नका, खाऊन टाकतो. एवढं करूनही चढावर ताकद कमी वाटली तर पुढचा स्प्रॉकेट १४ दात्यांचा असल्यास १३चा लावा. चाकावरचा जोर सुमारे ८ टक्के वाढतो, सपाट रस्त्यावरचा वेग तेवढाच घटतो. चेनचा सैलपणा २५ ते ३० मिमी.

शेवटी गायमुखचा चढ भरल्या थ्रॉटलवर चढा. माथ्यावर मोकळी, सुरक्षित जागा असेल तर क्लच दाबून इंजिन तिथेच बंद करा, गाडी कडेला घ्या आणि प्लग काढून बघा. विटकरी तपकिरी असेल तर जेट बरोबर. पांढरा दिसला तर मोठा जेट लावेपर्यंत चढ चढू नका. काळा आणि ओला असेल तर लहान लावा.